टेलला ट्रॉफी नसते

"ताई, एक साधं मेडल दिलं असतं तर मंडळाचं काय जाणार होतं?"

मुलांची समुपदेशक म्हणून हे वाक्य मी दरवर्षी फेब्रुवारीत ऐकते. संमेलनं, वार्षिकोत्सव, गुणगौरव सगळं उरकलेलं असतं आणि एखाद्या घरातलं पोर गप्प झालेलं असतं. नाचाच्या क्लासचं, तालमीचं, स्काउट पथकाचं, नाहीतर रविवारी गडांवर नेणाऱ्या कुमार मंडळाचं. आज सांगते आहे ती गोष्ट शेवटच्या प्रकारातली, नाशिकची. आई आणि मुलगा, दोघांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा तेरा वर्षांचा, सातवीतला. तीन वर्षं सहसा एकही रविवार न चुकवता मंडळात जायचा. जानेवारीत कौतुक सोहळा झाला. पाच ट्रॉफ्या होत्या: सर्वांत चपळ, उत्कृष्ट वक्ता, आदर्श गटनायक, शंभर टक्के हजेरी आणि 'मंडळाचा हिरा'. (ट्रॉफ्या एका नगरसेवकाने दिल्या होत्या आणि त्यांच्यावर मुलाच्या नावापेक्षा त्याचंच नाव मोठं होतं. असो.) याला काही मिळालं नाही. हजेरीचीही नाही, कारण गोवर झाला त्या वर्षी दोन रविवार बुडाले होते. कार्यक्रम संपल्यावर त्याने नेहमीसारख्या खुर्च्या आवरल्या आणि घरी आला. पुढच्या रविवारी पोट दुखलं, त्याच्या पुढच्या रविवारी गृहपाठ निघाला, आणि तिसऱ्या रविवारी त्याने सरळ सांगितलं, "मला नाही जायचं."

आईने समजूत घातली ती आपण सगळेच घालतो तशी: बक्षिसाला काय महत्त्व, भाग घेणं महत्त्वाचं. बक्षीस मिळालेल्यांचे फोटो त्याच आईने सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा पाहिले होते, हे पोराला दिसत होतं. मुलं आपल्या वाक्यांपेक्षा आपल्या चेहऱ्याकडे जास्त बघतात.

पहिल्या भेटीत तो फारसं बोलला नाही. बोलता बोलता त्याने माझ्या खिडकीच्या पडद्याची दोरी हातात घेतली आणि एक गाठ मारली. मी विचारलं, कसली? म्हणाला, "बोलाइन. ओढली तरी फास आवळत नाही. माणसाला बांधायला हीच." एवढं बोलून पुन्हा गप्प. मी त्याला माझा ठरलेला कागद दिला, 'माझ्यातले पाच चांगले गुण'. त्याने एकच लिहिला: गाठी. उरलेल्या चार ओळी कोऱ्या.

आता कबुली. मी तो कागद फाइलला लावला आणि निदान केलं ते पाठ्यपुस्तकातलं: आत्मविश्वास कमी, कौतुकाची भूक. मंडळ चालवणाऱ्या दादांना बोलावलं. दादा बँकेत नोकरी करतात आणि गेली बरीच वर्षं रविवार मुलांना देतात, पदरमोड करून. ते आधी जरा फुरंगटूनच बसले. "मॅडम, बेचाळीस मुलं आहेत. एकाला दिलं तर दुसऱ्याचं तोंड फुगतं. काय करू?" मी म्हटलं, मग सगळ्यांनाच काहीतरी द्या ना. दादांनी माझं ऐकलं, बिचाऱ्यांनी. १ मेला झेंडावंदनानंतर बेचाळीस मेडलं वाटली, सगळी एकसारखी, निळ्या फितीची, मागे 'सहभागाबद्दल' असं छापलेली. आईच्या आग्रहाखातर हाही गेला होता.

आठवड्याने आईचा फोन. मेडल सायकलच्या हँडलला लटकतंय, पावसात भिजलं तरी काढत नाही. विचारलं तर म्हणतो, "सगळ्यांना मिळालंय की." रविवारी जाणं बंद ते बंदच.

तेव्हा मी फाइल पुन्हा काढली आणि त्या 'गाठी' या शब्दापाशी थांबले. पहिल्याच दिवशी थांबायला हवं होतं.

पुढच्या भेटीत कागद नव्हता. मी घरून दोरी आणली होती आणि त्याला म्हटलं, मला बोलाइन शिकव. माझ्या हाताला ती काही येईना. चौथ्या प्रयत्नाला तो हसला. मग मी सहज विचारलं, "ही कधी कुणाला खरंच बांधलीस का?" आणि हरिहरची गोष्ट बाहेर आली.

हरिहर पाहिलाय त्यांना त्या पायऱ्या आठवत असतील. त्र्यंबकच्या बाजूचा तो गड, कातळात कोरलेला जिना, इतका उभा की चढताना पायरीतल्या खोबणीत बोटं अडकवावी लागतात. चढताना समोर दगड असतो, म्हणून निभावतं. खरी भीती उतरताना. मंडळाचा नोव्हेंबरातला ट्रेक तिथे होता. रांगेच्या पुढे लीड, मागे टेल. टेलला कॉलेजमधली एक ताई, आणि तिच्याबरोबर हा. तो नेहमीच टेलला राही. कुणी नेमलं नव्हतं, त्याला आवडायचं. उतरताना पाचवीतला एक मुलगा मधल्या पायरीवर बसला आणि गोठला. पुढे जाईना, मागे येईना. ताईने वरून त्याला दोरी लावली, पण कमरेला गाठ मारायला त्याच्याजवळ बसावं लागणार होतं. हा बसला. गाठ मारली, आणि मग त्या पोराशी बोलत राहिला: त्याच्या घरच्या मांजराबद्दल, शाळेतल्या बाईंबद्दल, डब्यात काय आणलंय याबद्दल. मांजराच्या पिल्लांची नावं सांगता सांगता तो पोरगा एकेक पायरी खाली सरकला.

ते खाली पोचले तोवर पुढच्यांचे डबे खाऊन झाले होते. टेम्पोवाला घाई करत होता. ताईला परीक्षेचं टेन्शन. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. आणि जानेवारीतल्या भाषणात दादा म्हणाले, "हरिहरसारखा अवघड गडही आपण कोणतीही अडचण न येता पार केला."

"अडचण आली होती," मुलगा मला म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती दुरुस्ती होती. "दादांना माहीतच नाही."

ट्रॉफीचा शब्दही त्याने काढला नव्हता. आम्ही तिघं मोठी माणसं, आई, दादा आणि मी, चार महिने मेडलाबद्दल बोलत होतो. त्या सगळ्यात नव्हतं ते एवढंच: हरिहरवर घडलं ते कुणाला तरी माहीत असणं.

दादांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्या दिवशी लीडला होतो. लीडला मागचं काय दिसणार?" मला वाटतं, सगळ्या मंडळांचं हेच होतं. बक्षिसं पुढून दिसणाऱ्या गोष्टींना मिळतात: वेग, आवाज, हजेरीचा आकडा. ते मोजायला सोपं आहे, त्यात पाप काही नाही. पळण्याची शर्यत असेल तर पहिला येईल त्याला ट्रॉफी द्यावी, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. मुलं एवढं सहज पचवतात. 'मंडळाचा हिरा' मात्र मी दादांना बंद करायला सांगितलं. तो कशाने ठरतो हे दादांनाही सांगता येईना. आणि एक हिरा म्हटला की उरलेले एकेचाळीस काय, हे पोरं मनात लगेच विचारतात.

स्काउटमध्ये वाढलेल्यांना दुसरी एक रीत ठाऊक आहे. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. तिथे शेजारच्याला हरवायचं नसतं. ठरलेल्या गाठी आल्या, प्रथमोपचार आला की सोपान तुमचा. एका पथकात दहा जणांना मिळेल किंवा एकालाही नाही. माझं 'सगळ्यांना द्या' आणि हे वरवर सारखं दिसतं, पण त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोपान काहीतरी येतं म्हणून मिळतो. माझं मेडल आलास म्हणून होतं, आणि दोन्हींतलं कुठलं खरं हे सातवीतल्या मुलाला बरोबर कळतं.

इथे एका जुन्या प्रयोगाची आठवण मला खरं तर फेब्रुवारीतच व्हायला हवी होती. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता, नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं मोकळी ठेवली, तेव्हा पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. म्हणून बक्षीस वाईट, असा अर्थ काढू नका. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. आधी कबूल केलेलं बक्षीस आवडीच्या कामाची मजुरी होऊन बसतं, एवढंच त्यातून मी घेते. टेलला राहणाऱ्याला वर्षाअखेरी 'उत्कृष्ट टेल' ट्रॉफी, असं दादा उत्साहाने सुचवत होते. मी म्हटलं, नको. पुढच्या ट्रेकला दहा जण टेलला थांबतील आणि घाबरलेल्या पोराकडे कुणीच बघणार नाही.

त्याऐवजी एक वही घातली. दोनशे पानी, साधी. ट्रेकहून परतताना टेम्पोत बसण्याआधी दहा मिनिटं गोल करून बसायचं, आणि पहिलं बोलायचं टेलने. मागून काय दिसलं ते. दादा ते वहीत उतरवणार. नियम एकच: विशेषण लिहायचं नाही, घडलं ते लिहायचं. दादांना हे जड गेलं. पहिल्या पानावर 'छान सहकार्य केले', 'गुणी मुलगी', 'उत्तम नेतृत्व' असं सगळं होतं. मी लाल पेनने खोडलं. ते म्हणाले, बँकेतले गोपनीय अहवाल लिहून लिहून हात असाच वळतो. तिसऱ्या खेपेला मात्र वहीत असं आलं: 'रामशेज उतरताना हिची बाटली भरलेली होती. स्वतः न पिता तिने ती उलटी झालेल्या मुलीला तोंड धुवायला दिली.' हे वाचलं की ती मुलगी डोळ्यांसमोर येते. 'गुणी' म्हटल्यावर कोण दिसतं?

मग हरिहरची जुनी नोंद. दादांना ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची होती, मुलाला बोलावून. मी आधी मुलाला विचारलं, तर त्याचा चेहराच उतरला. काही मुलांना स्टेजवरचं कौतुक शिक्षेसारखं वाटतं, तेराव्या-चौदाव्या वर्षी तर फारच. मग दादांनी पोस्टकार्ड लिहिलं. पन्नास पैशांचं. न सांगता टाकलं.

मधल्या काळात आईचं आणि माझंही काम चालू होतं. तिला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. बक्षीस हुकलं त्या रात्री मंडळात फोन करू नका. फोन करायचाच तर चार दिवसांनी. आणि 'वाईट वाटलं का' विचारण्यापेक्षा 'या वर्षी तू असं काय केलंस, जे कुणीतरी बघायला हवं होतं?' हे विचारा आणि मग गप्प बसा. उत्तर यायला आठवडा लागला तरी चालेल. (मूल नुसतं मंडळ टाळत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, मित्रही तोडले असतील, तर मात्र वाट बघत बसू नका, तज्ज्ञाकडे न्या. इथे तसं नव्हतं.)

आईने त्याला आधी विचारलं तेव्हा तो "काही नाही" म्हणाला होता. पोस्टकार्ड आलं त्या संध्याकाळी त्याने ते दोनदा वाचलं आणि दप्तरात ठेवलं. आईला ते लॅमिनेट करायचं होतं. त्याने दिलं नाही.

रविवारी सकाळी तो स्वतःहून उठला आणि पाच महिन्यांनी मंडळात गेला. दादा मला नंतर सांगत होते: त्याने पोस्टकार्ड त्यांच्यापुढे धरलं. दादांनी प्रेमाने जरा वाढवून लिहिलं होतं, 'तासभर त्याच्याजवळ बसून राहिलास.' 'तासभर' त्याने पेनने खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'पंचवीस मिनिटं'. शिवाय दोरी ताईने लावली, मी फक्त गाठ मारली, हेही लिहायला सांगितलं.

"वहीत पण बदला," तो म्हणाला, आणि दादा वहीतली ओळ दुरुस्त करून होईपर्यंत बाजूला उभा राहिला.