ऑपरेशननंतर जखम चिघळते : कारण शोधायचं कुठे?

प्रश्न : दोन महिन्यांत आमच्याकडे दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्या चार रुग्णांच्या जखमा चिघळल्या. थिएटर बंद ठेवून फ्युमिगेशन (जंतुनाशक धुरी) केलं. भिंती, टेबलं, दिवे यांचे स्वॅब (कापसाच्या बोळ्याने घेतलेले नमुने) तपासायला पाठवले, सगळे स्वच्छ आले. तरी पाचवा रुग्ण आलाच. – ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर

उत्तर : सिस्टर, भिंतींचा नाद सोडा. जखमेतले जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच त्वचेवरून, नाकातून किंवा आतड्यातून आलेले असतात. उरलेले हात, हत्यारं आणि पाण्यातून येतात. आजचा स्वच्छ स्वॅब ऑपरेशनच्या दिवशी काय झालं ते सांगत नाही.

आधी एक तक्ता करा. प्रत्येक रुग्णाला एक ओळ : तारीख, यादीतला क्रमांक, सर्जन आणि मदतनीस, हत्यारांचा सेट, तो कशाने निर्जंतुक केला, लोड नंबर (निर्जंतुकीकरणाच्या खेपेचा क्रमांक), अँटिबायोटिकची वेळ, छेदाची वेळ, त्रास कितव्या दिवशी सुरू झाला, पुवात कोणता जंतू निघाला. त्याच काळात तसंच ऑपरेशन होऊन ठणठणीत असलेले रुग्णही त्याच तक्त्यात घ्या. ही पायरी हमखास गाळली जाते. मग जे सगळ्यांच्याच बाबतीत घडलं होतं, तेच कारण वाटू लागतं.

'कितव्या दिवशी' हा रकाना नीट बघा. नेहमीचे जंतू सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोकं वर काढतात. तीन-चार आठवड्यांनी पोर्टच्या (दुर्बीण-हत्यारं आत घालायच्या छिद्राच्या) जागी गाठ आली, पू झिरपतोय, साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काही उगवत नाही आणि नेहमीची औषधंही लागू पडत नाहीत, असं असेल तर पाण्यात राहणाऱ्या, क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांचा संशय घ्या. लॅबला मायकोबॅक्टेरियाचं (याच जंतूंच्या कुळाचं) कल्चर हवं असं स्पष्ट लिहून द्या. न सांगता ते लावलं जात नाही.

मग हत्यारं धुताना प्रत्यक्ष उभ्या राहून बघा. ट्रोकार (पोटाला छिद्र पाडून हत्यारं आत न्यायचं साधन) सुटा केला का? पोकळ नळीतून ब्रश फिरला का? हत्याराच्या सांध्यात रक्त सुकलं असेल तर त्याखालचा जंतू रसायनाला सापडत नाही. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटं ठेवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. बीजाणू (जंतूंचं चिवट, कवचबंद रूप) मरायला सुमारे दहा तास लागतात. ओली हत्यारं बुडवत गेलं की द्रावणही पातळ होतं, म्हणून त्याची तीव्रता तपासणारी टेस्ट स्ट्रिप रोज लावा. आणि एवढं सगळं करून शेवटी नळाच्या पाण्याने खळबळलं, तर पाण्यातले जंतू पुन्हा हत्यारावर! खळबळायला निर्जंतुक पाणीच हवं. उष्णता सोसणारं प्रत्येक हत्यार ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) जाऊ द्या, बाकीची इथिलिन ऑक्साइड वायू किंवा प्लाझ्मा या कमी तापमानाच्या निर्जंतुकीकरणाला.

पण इथेच थांबू नका. वीस मिनिटांतच हत्यारं का काढली? यादीत पाच ऑपरेशनं आणि सेट दोनच, म्हणून. मूळ कारण ते आहे. तिथे धुणाऱ्या मावशींना मेमो देऊन काहीही बदलणार नाही.

प्रश्न : अँटिबायोटिक वॉर्डातच देतात, चार्टवर 'दिलं' अशी खूण असते. पुरेसं आहे का?

उत्तर : नाही, औषध दिल्याची आणि छेदाची अशा दोन्ही वेळा लिहिलेल्या हव्यात. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक छेदाआधीच्या साठ मिनिटांत जायला हवं. प्रौढांना सहसा 2 ग्रॅम, वजन 120 किलो किंवा जास्त असेल तर 3 ग्रॅम. ऑपरेशन लांबलं तर पहिल्या डोसनंतर चार तासांनी पुन्हा. वॉर्डात आठला दिलं, आधीची केस लांबली आणि छेद अकराला पडला, तर रक्तातलं प्रमाण तोवर घसरलेलं असतं. म्हणून ते थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांनी द्यावं आणि छेदाआधी मोठ्याने विचारून खात्री करावी. ऑपरेशननंतर पाच-पाच दिवस चालू ठेवल्याने उशिराच्या डोसची भरपाई होत नाही. जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात.

प्रश्न : 'पेशंटला डायबेटिस होता' असं लिहून चौकशी संपवतात. योग्य आहे?

उत्तर : मुळीच नाही. त्या सकाळी साखर मोजली होती का, 200 मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली होती का, आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढले का, टेबलावर शरीराचं तापमान 36 अंश सेल्सिअसखाली गेलं का, हे विचारल्याशिवाय फाईल मिटू नये. बहुतेक संसर्ग घरी गेल्यावरच दिसतात, तेव्हा तिसाव्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. कृत्रिम सांधा किंवा जाळी बसवली असेल तर नव्वदाव्या दिवशीही.