कुत्रा चावल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन पुरत नाही : लसीकरणाची प्रश्नोत्तरे

गणपतीला चाकरमानी गावी आले की लशींविषयी तीच ती विचारणा सुरू होते. या वेळच्या पत्रांतले काही प्रश्न घेतो.

नातीच्या दंडावर बीसीजीचा (क्षयावरच्या लशीचा) वण उठलाच नाही. पुन्हा टोचून घ्यावं का? (देवरूख)

नाही. वण उठला नाही म्हणजे लस वाया गेली, असं होत नाही.

मुलाला गोवराचे दोन्ही डोस दिले, तरी अंगावर पुरळ आलं. मग लशीचा उपयोग काय? (चिपळूण)

तो गोवरच होता हे कोणी ठरवलं? ताप आणि पुरळ कितीतरी विषाणूंनी येतं; गोवराची खात्री प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच होते. नवव्या महिन्यातल्या एका डोसाने शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी मुलांना संरक्षण मिळतं, दोन्ही डोसांनी सत्त्याण्णवच्या आसपास. म्हणजे तीनेक मुलं उरतातच, आणि त्यांचा बचाव आजूबाजूच्या मुलांनी लस घेतली असेल तरच होतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, मुलं दगावली. त्यांतल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. पुन्हा असं पुरळ आलं तर ते अंगावर असतानाच मुलाला डॉक्टरांना दाखवा.

पुतण्याच्या पोटरीला वाडीतल्या कुत्र्याने चावा घेतला, रक्त आलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखमेत हळद-चुना भरला. कुत्रा पाळलेला आहे, अजून हिंडतोय. दहा दिवस वाट बघावी का? (गुहागर)

एक दिवसही नको. हे वाचत असाल तर आत्ता उठा आणि मुलाला रुग्णालयात न्या.

धनुर्वात वेगळा, रेबीज वेगळा. एकाच्या इंजेक्शनाने दुसरा टळत नाही. तरीही ‘सुई दिली’ एवढ्यावर निर्धास्त झालेले आईबाप मला दर पावसाळ्यात भेटतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र चाव्यानंतर लगेच सगळे उपचार नीट झाले तर तो टाळता येतो. विषाणू मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो आणि तेवढ्या अवधीत लस शरीराला तयार करते. 1885 साली लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, तीही कुत्रा चावल्यानंतरच. तो मुलगा जगला. हा अवधी तुम्ही वाट बघण्यात घालवू नका.

चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट, रॉकेल, झाडपाला काही भरायचं नाही. चुन्याने घट्ट झालेली जखम आम्हाला पुन्हा उकलून धुवावी लागते आणि पोर टाहो फोडतं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत सिरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं औषध) भरावं लागतं, कारण लशीचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर सिरमच राखण करतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिरम नसेल तर लशीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याचा काळ केव्हाच सरला. आता चार-पाच वेळा दंडावर टोचतात.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती लस सुरू करून. तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. मांजर, माकड, कोल्हा चावला तरी रुग्णालयात जायचंच. पुतण्या मुंबईला परतणार असेल तर डोसांचा कागद त्याच्याबरोबर द्या, उरलेले डोस तिथल्या महापालिकेच्या रुग्णालयात ठरल्या तारखेला घ्या. मांत्रिकाकडे नेऊन आणलंत तर गेलेली वेळ परत मिळत नाही.

लावणीच्या दिवसांत लेप्टोची (उंदीर-गुरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) लस कुठे मिळेल? (लांजा)

माणसांसाठी अशी लस आपल्याकडे नेहमीच्या वापरात नाही. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, गमबूट वापरा. प्रतिबंधक गोळी आरोग्य केंद्रात विचारूनच घ्या आणि ताप आला तर अंगावर काढू नका.

‘न दुखणारी’ लस घ्या, सरकारी लशीने ताप येतो, असं सांगून एका दवाखान्याने पॅकेज पुढे केलं. सरकारी लस हलकी असते का? (दापोली)

अजिबात नाही. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या त्या महागड्या लशीत डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने केलेला असतो, त्यामुळे ताप आणि सूज कमी येते. पण तिचं त्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं, हे पॅकेज विकताना कोणी सांगत नाही. रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, तरी लोक त्यासाठी पैसे मोजतात. पॅकेजमधल्या लशींची नावं लिहून घ्या आणि आधी उपकेंद्रातल्या नर्सताईंना दाखवा. कांजिण्यांसारखी जी लस तिथे नसेल, तिच्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

मुलगी गावी आजीकडे राहिली आणि दीड वर्षाचे डोस चुकले. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का? (खेड)

नाही. जिथे राहिलं तिथून पुढे. काही लशींना वयाची मर्यादा असते, म्हणून कार्ड दाखवूनच ठरवा. कार्ड मुंबईला असेल तर फोटो मागवून घ्या आणि याच आठवड्यात उपकेंद्रात जा, दिवाळीची वाट बघू नका.