6 दिवसांत केनियातले किती पार्क करावेत? सोबत सत्तरीचे वडील आणि लहान मूल आहे. सिंह नक्की दिसतील का?

दोन. दोनच करा. तुम्ही लिहिलंय की भाऊ अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मसाई मारा असे चार म्हणतोय, कारण 'एवढा खर्च करून जातोय तर सगळं बघून घेऊ'. हेच वाक्य मी माझ्या दादाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

2019 च्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण गेलो होतो. दादा, वहिनी, मी, माझी 8 वर्षांची लेक आणि बाबा. आई जाऊन वर्ष झालं होतं, बाबा दिवसदिवस बोलायचे नाहीत. त्यांना घराबाहेर काढायचं, हा सहलीचा खरा हेतू. कार्यक्रम दादाने आखला. त्यात अंबोसेलीला एकच मुक्काम होता: दुपारी पोचायचं, सकाळी एक फेरी मारायची आणि दहाला नाकुरूकडे निघायचं. मी तेव्हाच म्हटलं होतं की नाकुरू गाळ, इथे तीन रात्री राहू. तो म्हणाला, अंबोसेलीत गेंडा नाही, नाकुरूला आहे, बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) पूर्ण कसे होणार? अरे, ती यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना कुठले पाच प्राणी सगळ्यात धोक्याचे, एवढाच तिचा अर्थ. आपण बंदूक घेऊन निघालो होतो का?

त्या सकाळी सहाला फाटक उघडल्या उघडल्या आम्ही आत होतो. किलिमांजारो समोर लख्ख दिसत होता, 5,895 मीटर, माथ्यावर बर्फाची कड. खाली जमीन मात्र कोरडी ठक्क, गाडीच्या मागे पांढरी धूळ उठत होती. आणि त्या धुळीच्या मधोमध हिरवीगार दलदल, पाण्यात पोटापर्यंत बुडालेले हत्ती. बाहेर आले की खालचा अर्धा काळाकुळकुळीत आणि वरचा अर्धा धुळकट, अंगावर पाण्याची रेघ ओढल्यासारखी. पायांशी गायबगळे.

बाबांची 31 वर्षं पाटबंधारे खात्यात गेली, बरीचशी फलटणकडे नीरा उजव्या कालव्यावर. त्यांनी हत्तींकडे नंतर बघितलं. आधी मला विचारलं, "ह्या रानात पाऊस दिसत नाही, नदी दिसत नाही. मग हे पाणी कुठून आलं गं?" मी आमच्या ड्रायव्हर-गाईडला विचारलं. त्यांनी गाडी बंद केली आणि डोंगराकडे बोट दाखवलं. किलिमांजारोच्या उतारावरच्या जंगलात पाऊस पडतो, थोडं बर्फाचंही पाणी असतं, ते ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून मुरत जमिनीखालून येतं आणि इथे झऱ्यांनी वर निघतं. बाबा ताठ बसले. म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखाच काळा दगड." मग लगेच, "डोंगर टांझानियात, झरे केनियात. ह्यांचा पाण्याचा लवाद असेल की नाही?" कृष्णेच्या लवादाचे निकाल त्यांना तोंडपाठ होते. वर्षभरात त्यांनी स्वतःहून इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

लेकीचंही तसंच. तुम्ही विचारलंय ना, मूल कंटाळेल का? ड्रायव्हरनी तिला सांगितलं की 1972 पासून सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी इथल्या हत्तींचा अभ्यास करतायत, कानांच्या कडांच्या खाचांवरून एकेक हत्ती ओळखतात. झालं, तिने वहीत कान काढायला घेतले. एक अगदी लहान पिल्लू गुडघ्यांवर वाकून थेट तोंडाने पाणी पीत होतं, कारण पहिले काही महिने त्यांना सोंड नीट वापरताच येत नाही. कळपाची म्होरकी मध्येच थांबली की सगळे थांबायचे. आम्हीही थांबलो होतो. कोणी बोलत नव्हतं.

तेवढ्यात वायरलेसवर बातमी आली की पलीकडच्या बाजूला सिंह आहे. दादा म्हणाला, चला. बाबा म्हणाले, "पाच मिनिटं थांब रे." दादा म्हणाला, "बाबा, हत्ती काय, आपल्याकडेही दिसतात." आणि मी गप्प बसले. मी "नाही" म्हणायला हवं होतं.

चाळीस मिनिटं धुळीतून गेलो. चौदा गाड्या गोल उभ्या, मध्ये गवतात दोन कान. दादाने फोटो काढला. तिथून परस्पर फाटकाकडे आणि मग आख्खा दिवस रस्त्यावर. नाकुरूला गेंडा दिसला, हो. पण ज्या फ्लेमिंगोंसाठी नाकुरूचं तळं प्रसिद्ध, ते फारसे नव्हतेच. 2010 नंतर तळ्याची पातळी वाढत गेली आणि बरेच पक्षी बोगोरिया तळ्याकडे पांगले. बाबा गाडीत झोपून होते, गुडघे सुजले होते.

तेव्हा भावाला स्पष्ट सांगा: अंबोसेली तीन रात्री, मारा दोन, आणि मधला प्रवासाचा दिवस लांबचा आहे हे आधीच धरून चाला. आणि वडील "थांब" म्हणाले की गाडी थांबणार, हे निघायच्या आधी ठरवून घ्या. तिथे गेल्यावर ठरत नाही.

सिंह मारात बहुतेक दिसतात, अंबोसेलीत नशिबावर. जुलै ते ऑक्टोबरात विल्डबीस्टच्या (गाईसारख्या मोठ्या हरणांच्या) स्थलांतरासाठीच जात असाल तर माराला एखादी रात्र वाढवली तरी माझी हरकत नाही. पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, निदान 10 दिवस आधी, नाहीतर परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीपुढच्यांना ती द्यायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा. वडिलांना लघवीची गोळी चालू असेल तर तिच्या वेळेबद्दलही विचारून घ्या, कारण पार्कात गाडीतून वाटेल तिथे उतरता येत नाही. दम्याचा त्रास असेल तर अंबोसेलीची धूळ सोसणार नाही, मग माझा सगळा सल्ला बाजूला ठेवा.

दादाने बाबांच्या तिकिटाचे पैसे भरले, त्यांची बॅग शेवटपर्यंत त्यानेच उचलली, हेही खरं. तो हे वाचेल. वाचू दे.

बाबा 2022 मध्ये गेले. त्यांच्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर सिंह नाही, गेंडा नाही. पेन्सिलने काढलेला डोंगर आहे, त्याच्या पोटातून दलदलीपर्यंत तुटक रेघ, आणि बाजूला लिहिलंय: "झिरपायला किती वर्षं? उद्या ड्रायव्हरला विचारणे."