ओढ्यातून आणलेल्या माशांच्या अंगावर एवढे परजीवी कुठून आले?

मुळशीकडच्या ओढ्यातले बोटभर मासे तुम्ही घरच्या टाकीत सोडलेत, आठ दिवसांत तिघांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले आणि एकाच्या कल्ल्याजवळ पिवळी गाठ दिसतेय. वाहत्या पाण्यातला मासा आजारी कसा, असं विचारलंयत.

परजीवी बहुतेक तो ओढ्यातूनच घेऊन आलाय. एम.एस्सी.ला असताना मेलेल्या माशाचा कल्ला कापून थेंबभर पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचो. कल्ल्याच्या पात्याला चिकटून एक पारदर्शक कृमी आखडत-पसरत असायचा, डोक्याशी चार काळे ठिपके. ते त्याचे डोळे. हा डॅक्टिलोगायरस, अंडी घालणारा. त्वचेवरचा गायरोडॅक्टिलस बिनडोळ्यांचा, पण त्याच्या पोटात पिल्लू आणि त्या पिल्लाच्या पोटात आणखी एक! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझी काच खराब आहे.

ओढ्यातल्या माशावर असे प्रकार बरेच, पण एकेकाची संख्या सहसा थोडी. टाकीत नेमकं उलटं होतं. तुमची पिवळी गाठ बहुधा क्लिनोस्टोमम नावाच्या चपट्या कृमीची अळी असेल. तिचा प्रवास लांबचा: आधी गोगलगाय, मग मासा, शेवटी बगळा, आणि प्रौढ झाल्यावर मुक्काम त्याच्या तोंडात, घशात. तुमच्या हॉलमध्ये बगळा येणार नाही, म्हणजे ती तिथंच अडकली. दिसते भयंकर, पण टाकीत वाढत नाही. तिला हात लावू नका.

ठिपक्यांची गोष्ट वेगळी. तो व्हाइट स्पॉट नावाचा रोग, आणि तो करणाऱ्या सूक्ष्म जिवाला मासा सोडून दुसरा यजमान लागतच नाही. माशाच्या कातडीखाली तो खाऊन फुगतो, मग गळून तळाशी कोष करतो, आणि एका कोषातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात. ओढ्यात ती वाहून जातात. दोन फुटांच्या टाकीत त्यांना मासा सापडतोच.

औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीखाली पोचत नाही. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवायचं नाही. पंचविशीच्या आसपास तापमान असेल तर एक फेरा साधारण आठवड्याचा, पुण्याच्या थंडीत बिनहीटरच्या टाकीत त्याहून लांब. हीटरने दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांवर न्या आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि ओढ्याच्या माशांना तोच जास्त लागतो. ठिपके दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर तसंच चालू द्या. मीठ घालायचं तर लिटरमागे एकूण 2 ग्रॅमपर्यंत, दोन-तीन वेळा विभागून. मुरे (तळाशी राहणारे लोच मासे) असतील तर निम्मंच, त्यांना मीठ सोसत नाही.

पुढच्या वेळी नवे मासे महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, जाळीसुद्धा वेगळी. आणि दया येऊन हे मासे परत ओढ्यात सोडू नका, विशेषतः टाकीत दुकानातले गप्पी असतील तर. कॅमॅलॅनस कॉटी नावाचा लाल कृमी मूळचा आशियातला. गप्पी आणि त्यांच्या भाऊबंदांबरोबर तो थेट हवाईच्या ओढ्यांत पोचला. माशाच्या गुदद्वारातून लाल दोऱ्यांची टोकं लोंबताना दिसली तर तोच समजा, त्याचं औषध वेगळं. टाकीचं पाणी काढाल ते कुंड्यांना घाला. मीठ घातलेलं मात्र मोरीत.