माऊस चालत नाही, मग डेबियनच्या निळ्या सेटअपमध्ये पर्याय निवडायचे कसे?

तुमची अडचण थोडक्यात अशी: जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताय, निळा पडदा आला, माऊसचा बाण दिसेना, आणि शेवटी सॉफ्टवेअरच्या यादीत ‘एसएसएच सर्व्हर’वर (दुसऱ्या मशीनवरून या लॅपटॉपमध्ये शिरायची सोय) जाऊन एन्टर मारला तर खूण न होताच गाडी पुढे सुटली. लॅपटॉप धड आहे, पेनड्राइव्हही धड आहे. चौकोनी कंस असलेल्या यादीत एन्टर मारला की ‘झालं माझं, चला पुढे’ असं होतं. खूण करायला स्पेसबार लागतो.

सुरुवातीच्या मेनूत ‘ग्राफिकल इन्स्टॉल’च्या खाली नुसतं ‘इन्स्टॉल’ असतं, ते तुमच्याकडून निवडलं गेलंय. हा इन्स्टॉलर २००५च्या डेबियन ३.१ पासून आहे. माऊसवाला अवतार २००७ला ४.० बरोबर आला. रॅम कमी असेल तर मी आजही मुद्दाम खालचीच ओळ घेतो. फक्त मराठीतून इन्स्टॉल करायचं असेल तर ग्राफिकलच घ्यावं लागेल. या साध्या पडद्याला देवनागरीची जोडाक्षरं झेपत नाहीत, त्यामुळे इथल्या भाषांच्या यादीत मराठी दिसतच नाही.

आता मुख्य गोष्ट: पडद्यावर लाल कुठे आहे ते बघायची सवय लावा. ज्या ओळीवर किंवा बटणावर लाल पट्टा, तिथे तुम्ही उभे आहात. यादीच्या आत वर-खाली जायला बाणाच्या कळा. यादीतून बाहेर पडून खालच्या ‘गो बॅक’ किंवा ‘कंटिन्यू’वर जायला टॅब, उलट यायला शिफ्ट धरून टॅब. यादी लांबलचक असेल, म्हणजे मिरर (सॉफ्टवेअर उतरवायचा सर्व्हर) कुठल्या देशातला हवा असं विचारतात तेव्हा, बाण दाबत बसू नका. भारतासाठी ‘आय’चं अक्षर दाबा, त्या अक्षराचे देश समोर येतात. ज्या यादीतून एकच गोष्ट घ्यायची असते (भाषा, देश, डिस्क) तिथे मात्र लाल पट्टा नेऊन एन्टर मारला की पुरतं. म्हणूनच माणूस गाफील राहतो. दहा पडदे एन्टरवर निघून जातात आणि अकराव्याला स्पेस लागतो.

तो अकरावा म्हणजे तुमचा सॉफ्टवेअरचा पडदा. तिथे प्रत्येक ओळीआधी चौकोनी कंस असतो. कंसात तारा असेल तर ती वस्तू येणार, रिकामा असेल तर नाही. स्पेस दाबला की तारा येतो, पुन्हा दाबला की जातो. डेस्कटॉपवर आधीच तारा असतो, नको असेल तर काढा. सगळं मनासारखं झालं की टॅब, लाल ‘कंटिन्यू’वर आलं की एन्टर. तुमचं एसएसएच राहून गेलंय, पण त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. इन्स्टॉल पूर्ण होऊ द्या, मग टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून, ‘टास्कसेल’ ही आज्ञा चालवा. हीच यादी पुन्हा समोर येईल, या वेळी स्पेसने खूण करा.

पासवर्डच्या पडद्यावरही हेच. टाइप करताना फक्त तारे दिसतात. खाली ‘शो पासवर्ड इन क्लिअर’ असा कंस आहे. टॅबने तिथे जाऊन स्पेस दाबा, अक्षरं दिसू लागतील. हे जरूर करा, कारण कीबोर्डच्या पडद्यावर ‘अमेरिकन’ऐवजी ‘ब्रिटिश इंग्लिश’ निवडलं गेलं असेल तर शिफ्ट-दोनवर ॲटच्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. ताऱ्यांवरून ते कळत नाही, आणि पुढे कीबोर्डची मांडणी बदलली की तोच पासवर्ड चालेनासा होतो.

डिस्कची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ निवडल्याबरोबर काही पुसलं जात नाही. शेवटी ‘बदल डिस्कवर लिहू का?’ असं इंग्रजीत विचारतात आणि तिथे लाल पट्टा आधीपासून ‘नो’वर असतो. घाईत एन्टर बडवणाऱ्यांचा डेटा या एका गोष्टीमुळे वाचतो. खरंच लिहायचं असेल तर टॅबने किंवा बाणाने ‘येस’वर जा. एलव्हीएम (डिस्कचे भाग नंतर लहानमोठे करता येणारी पद्धत) निवडलं असेल तर असाच एक प्रश्न त्याआधीही येतो, आणि तिथे ‘येस’ म्हटलं की डिस्कची विभागणी तेव्हाच लिहिली जाते.

बायोसच्या (लॅपटॉप सुरू होतानाच्या, डेबियनच्या आधीच्या सेटिंगच्या) मेनूला हे नियम लावू नका. तिथे बऱ्याच मशीनवर वरचे टॅब डाव्या-उजव्या बाणांनी बदलतात, बूटचा क्रम अधिक-उणे किंवा एफ५-एफ६ने वरखाली होतो आणि एफ१०ने सेव्ह होऊन बाहेर पडता येतं. कुठली कळ काय करते ते सहसा उजव्या बाजूला किंवा तळाशी लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आणि लॅपटॉपवर एफच्या कळांनी आवाज किंवा प्रकाश कमीजास्त होत असेल तर एफएन धरून दाबा.

इन्स्टॉल होताना पट्टी एकाच टक्क्यावर अडकल्यासारखी वाटली तर लगेच पॉवरचं बटण दाबू नका. डावा ऑल्ट धरून एफ४ दाबा, आत काय चाललंय त्याच्या ओळी दिसतील. ओळी सरकत असतील तर काम सुरू आहे. डावा ऑल्ट आणि एफ१ने परत निळ्या पडद्यावर या.