कडबाकुट्टीचं झाकण कुठं गेलं?

चाऱ्याच्या यंत्रांबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा येताहेत, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं.

दोन गाई, एक म्हैस आहे. कुट्टी यंत्र २ एचपीचं की ३ एचपीचं?
दोनचं पुरे. घरी सिंगल फेज असेल तर आधी वायरमनकडून संध्याकाळचं व्होल्टेज तपासून घ्या.

दुकानदार म्हणतो, मशीन आजच न्या, अनुदानाचं मागाहून बघू.
नेऊ नका. महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर) अर्ज, निवड, पूर्वसंमती आणि मगच खरेदी, असा क्रम आहे. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारल्याशिवाय आगाऊ रक्कमही देऊ नका.

ओला मका अडकतो म्हणून तोंडावरचं झाकण काढून ठेवलंय. चालेल ना?
नाही चालणार. 'इतकी वर्षं झाली, काही झालं नाही' हे मला सांगू नका. ज्यांची बोटं गेली तेही आदल्या दिवशीपर्यंत हेच म्हणत होते. रोलर चारा ओढतो तसाच हातही ओढतो. बटण बंद केलं तरी पात्यांचं जड चाक काही वेळ फिरतच राहतं. चारा अडकला तर रिव्हर्सचा दांडा ओढा, शेवटचा मूठभर चारा पुढच्या पेंढीनं ढकला, हातानं कधीच नाही. पदर, ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या. पोरांना जवळ फिरकू देऊ नका. मका अडकतो तो झाकणामुळे नव्हे, पाती बोथट झाल्यामुळे किंवा एकदम जास्त कोंबल्यामुळे. मेकॅनिककडून झाकण बसवून घ्या, तोवर यंत्र बंद. आणि दुर्दैवानं बोट तुटलंच तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा (बोट थेट बर्फात नको) आणि जखमेवर हळद चेपत न बसता मोठं रुग्णालय गाठा.

पात्यांना धार किती दिवसांनी लावायची?
दिवस मोजू नका, कुट्टी बघा. तुकडे चेंगरलेले, धागे लोंबणारे पडू लागले की सगळी पाती एकदमच काढा. एकालाच घासलं तर वजन बिघडून यंत्र थरथरतं. धार उताराच्याच बाजूनं. पाती आणि तोंडाची पट्टी यांतलं अंतर पहिल्यांदा जाणकाराकडून लावून घ्या.

डोंगरातलं गवत दिवाळीनंतर कापतो. ब्रश कटर (हातात धरून गवत कापायचं यंत्र) घेऊ का?
यंत्राआधी तारीख बदला. तोवर बी गळून जातं, उरतात काड्या. पवन्या, मारवेल फुलोऱ्यात कापायचं, पावसाची उघडीप बघून. थोड्या रानाला विळा पुरतो. ब्रश कटर आधी भाड्यानं आणून बघा आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय चालवू नका. गंजी रचण्याआधी गवताचे बारीक तुकडे कोरड्या मिठासोबत बरणीत हलवा. मीठ चिकटलं तर अजून वाळवा. बुरशी लागलेलं गवत 'थोडं थोडं' खाऊ घालायचा सल्ला कुणी दिला असेल तर आधी पशुवैद्यकाला विचारा.

दीड एकरासाठी बेलर (चाऱ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र) घेऊ का?
नको. भाड्यानं बोलवा, आणि गठ्ठे तारेनं नव्हे, सुतळीनं बांधायला सांगा. कुट्टीत तुटलेली तार गाईच्या पोटात जाते आणि तिथून थेट हृदयापर्यंत टोचू शकते.