पोरगं झोपलं म्हणजे उतरलं, असं नाही

“मॅडम, पोरगं माझं येडं झालं का ओ?” तासगावकडच्या एका आईचा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सांगलीत बसून हा प्रश्न मला हल्ली वरचेवर ऐकावा लागतो.

पोरगा बाविशीतला, पोलीस भरतीची तयारी करणारा. रात्र-रात्र जागा. खिडकीला द्राक्षांच्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, कारण बागेत छाटणीला आलेले मजूर आपल्यावर पाळत ठेवतात अशी त्याची खात्री. देवऋषी करून झाला होता. जिममधल्या ओळखीतून मिळणारं इंजेक्शन मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मेफेंटरमाइन. भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो चढवायचं हे औषध. पोरं ते दम वाढावा म्हणून टोचून घेतात.

बहुतेक वेळा हे कायमचं वेड नसतं. असं इंजेक्शन काय किंवा एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशेची पावडर काय, मेंदूतली डोपामिनसारखी रसायनं एकदम उसळतात. आधी अंगात बळ, बडबड, भूक-झोप गायब. मग धडधड, चिडचिड, संशय, कधी नसलेले आवाज. घेणं थांबलं की संशय बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही तो टिकला, तर मुळात दुसरा आजार आहे का ते मानसोपचारतज्ज्ञांनी तपासायला हवं.

पुढच्या वेळी आई सुटल्यासारखी म्हणाली, “आता नुसता झोपतोय, उतरलं वाटतं.” मला खरी काळजी तिथून लागते. नशा उतरताना मन खोल जातं, काही नकोसं होतं, मरणाचे विचार येतात. आणि बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं हाताशी! ती खोली कुलूपबंद करून किल्ली चुलत्यांकडे द्या, हे मी वडिलांना सगळ्यात आधी सांगितलं.

संशयावर त्याच्याशी वाद नको, होला होही नको. मनानं झोपेची गोळी देऊ नका. छातीत दुखलं, अंग तापलं, झटका आला तर थेट मिरज सिव्हिलला न्या. इंजेक्शनचं लपवू नका, नाहीतर उपचार भलत्याच दिशेनं जातात. अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416.

“भरतीत कळलं तर?” वडिलांनी हळूच विचारलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पोराला ग्राउंड कधी सुरू करू एवढंच विचारायचं होतं. आधी ईसीजी, म्हटलं. तो काढलाय. जिम अजून तीच आहे, पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचंय.